प्लास्टर निघाल्यानंतरचा पाय

नागपूर जिल्ह्यातल्या हिंगण्याच्या बाजूला घोटा मोडायला फार मोठा अपघात लागत नाही. पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यावरून चालताना काळ्या मातीवर टाच सरकते. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि पाऊल भेगेत अडकून शरीर पुढे जाते. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाची मोटारसायकल वळणावरच्या गिट्टीवर घसरते आणि गाडीचे सगळे वजन पायावर येते. घराच्या ओल्या पायरीवर, बांधकामाच्या कडेच्या खड्ड्यात, चालत्या ऑटोतून उतरताना, कुठेही. पाऊल एका बाजूला वळते, अंग दुसऱ्या बाजूला, आणि आतून एक आवाज येतो. ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना तो वर्षांनंतरही आठवतो.

माझा डावा घोटा वेणा नदीकडच्या एका वावरात असाच मोडला. त्यानंतर मी या विषयावर जेवढ्या लोकांशी बोललो, त्यात एक गोष्ट वारंवार समोर आली. पडल्याची हकिकत प्रत्येकाला तपशिलाने सांगायची असते, ऑपरेशनचीही सांगायची असते. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: प्लास्टर कधी निघणार? एकदा ते निघाले की विचारपूस थांबते. घरच्यांना वाटते आता झाले. मालकाला वाटते आता कामावर यावे. आणि नेमके तेव्हा, सुकलेली पोटरी आणि लाकडासारखा ताठ घोटा घेऊन माणूस पलंगाच्या कडेला बसलेला असतो. खरे काम तिथून पुढे सुरू होते. या प्रकरणात मोडण्यापेक्षा त्या पुढच्या महिन्यांवर मी जास्त लिहिणार आहे, कारण पाय आयुष्यभरासाठी बिघडतो तो बहुधा तिथे.

आधी घोट्याची रचना समजून घेऊ. पायाच्या आतल्या बाजूचे जे टोक हाताला लागते ते नडगीच्या जाड हाडाचे खालचे टोक. बाहेरच्या बाजूचे टोक तिच्या शेजारून उतरणाऱ्या बारीक हाडाचे. ही दोन टोके मिळून पावलाच्या वरच्या हाडाला दोन्हीकडून धरून ठेवतात. दोन्ही टोकांना आणि दोन हाडांच्या मधल्या सांध्याला चिवट बंध असतात. म्हणून 'घोटा मोडला' या दोन शब्दांत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात. फक्त बाहेरचे टोक तडकले आणि बंध शाबूत राहिले, तर घोटा स्थिर असतो आणि बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. दोन्ही टोके मोडली, किंवा नडगीचा मागचा काठही तुटला, तर सांधा आपल्या जागेवरून सरकतो. अशा वेळी पट्टी आणि स्क्रू घालून हाडे जागेवर बसवावी लागतात.

'थोडेसेच सरकले आहे, कशाला कापाकापी?' असे घरचे वडीलधारे म्हणतात. याचे उत्तर १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. रॅम्से आणि हॅमिल्टन या दोन संशोधकांनी मृतदेहांच्या घोट्यांवर मोजमाप केले. पावलाचे वरचे हाड बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकवले, तर सांध्यातला एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटला. अंगाचे वजन तेवढेच राहते, ते झेलणारी जागा मात्र निम्म्याच्या जवळ येते. मग कूर्चा झिजते आणि काही वर्षांत सांधेदुखी पाठीशी लागते. घोट्याच्या बाबतीत डॉक्टर मिलिमीटरवर अडून बसतात ते यासाठी.

मोडला की मुरगळला, हे ओळखायचे कसे? आपल्याकडे पहिला सल्ला मालिशचा असतो. सुजलेल्या घोट्याला तेल लावून चोळून देणारी माणसे प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. पण हाड तुटलेले असेल तर चोळण्याने तुकडे आणखी सरकतात. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यासाठी साधे नियम मांडले. ते आज जगभर वापरले जातात आणि घरीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या टोकावर, किंवा त्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर बोटाने दाबले असता दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पडल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, तरी एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावलेही मोजायची. यातले काहीच नसेल तर घोट्याचे हाड मोडले असण्याची शक्यता फार कमी. पावलाच्या मधल्या भागासाठी असेच वेगळे नियम आहेत. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र या नियमांवर विसंबू नये. त्यांना दुखतच नाही, आणि मोडलेल्या घोट्यावर ती माणसे दिवसेंदिवस चालतात.

आता हाडवैद्यांविषयी. विदर्भातल्या खेड्यांत आजही बरेच लोक आधी त्यांच्याकडे जातात. त्यांची टिंगल करून काही साधत नाही, कारण या परंपरेच्या मागे मोठे ज्ञान आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानातला एक आणि चिकित्सास्थानातला एक असे दोन अध्याय मोडलेल्या हाडांना आणि निखळलेल्या सांध्यांना दिलेले आहेत. हाड स्थिर ठेवण्यासाठी बांबूच्या कांबी आणि पळस, वड, पिंपळ, उंबर, अर्जुन यांच्या साली वापराव्यात असे तिथे सांगितले आहे. हिंगण्याहून कोणत्याही दिशेला निघा, यातली बहुतेक झाडे वाटेत भेटतात. पट्टी सैल बांधली तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो, हा इशाराही तिथेच आहे. पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची. हाड सांधायला कोवळ्या वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने धरायचे, हा हिशेबही सुश्रुताचाच. आजच्या कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाला तो फारसा खटकणार नाही.

अडचण येते ती यातला इशारा विसरून कांबी करकचून बांधल्या जातात तेव्हा. सूज आत वाढते, पट्टी सैल होत नाही आणि रक्त पोचेनासे होते. प्लास्टरच्या बाबतीतही हेच घडू शकते. बोटे निळी किंवा पांढरी पडणे, बधिर होणे, थंड लागणे, औषध घेऊनही वेदना वाढतच जाणे, दुसऱ्याने बोटे वर ओढली की कळ जाणे: यातले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांची कहाणी आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. १९८१ साली तामिळनाडूत त्यांचा बस अपघात झाला. घोट्याजवळची एक जखम नीट साफ न होता तिच्यावर प्लास्टर चढले, पाय आतून सडला आणि तो कापावा लागला. १९८४ मध्ये जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या, पुढे त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनीच काम केले. त्यांच्या जिद्दीची गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतो. प्लास्टरखालच्या जखमेची गोष्टही तेवढ्याच आवर्जून सांगायला हवी.

पूर्वी हाड कातडीबाहेर आले की पाय कापणे हाच नियम होता. १७५६ मध्ये लंडनचा शस्त्रक्रियातज्ज्ञ पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचे हाड कातडी फाडून बाहेर आले. जागेवरून हलवले तर काय होईल हे तो जाणत होता. त्याने एक दार विकत आणवले, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर आडवा होऊन घरी गेला. पाय कापायची तयारी झाली होती. शेवटच्या क्षणी त्याचे जुने गुरू आले, पाय वाचवता येईल असे म्हणाले, आणि तो वाचला. अंथरुणावरच्या त्या काळात पॉट लिहिता झाला. अस्थिभंगावरचे त्याचे पुस्तक काही वर्षांनी आले आणि घोट्याच्या एका प्रकारच्या फ्रॅक्चरला आजही त्याचे नाव आहे. लोकांचा समज असतो की त्याचा घोटाच मोडला होता. तो घोटा नव्हता. पुढे १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला आंटोनियस माथाइसन या डच लष्करी डॉक्टरने कापडाच्या पट्टीत जिप्समची पूड भरून आजचे प्लास्टर तयार केले आणि १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. त्याआधीच्या हजारो वर्षांत माणसे हाताच्या स्पर्शाने हाडे बसवत होती, हे लक्षात घेतले की त्या हातांबद्दल आदर वाटतो.

हाड जोडते कोण? डॉक्टर हाड जागेवर आणतात आणि तिथे टिकवून धरतात. जोडण्याचे काम शरीर करते. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ भरण तयार होते. ते एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि 'काहीच जुडलं नाही म्हणतात' असे म्हणून घरात काळजी पसरते. मग त्यात कॅल्शियम बसत जाऊन ते कठीण होते. घोट्यात याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्यानंतरही कित्येक महिने हाड स्वतःला घडवत राहते. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ते मजबूत होते, हे जर्मन डॉक्टर युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. म्हणजे योग्य वेळी योग्य भार देणे हाही उपचारच आहे.

या सगळ्याला रक्तपुरवठा लागतो, आणि नागपूर जिल्ह्यात इथे खर्रा आडवा येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून दिलेली ती पुडी इथल्या कामगाराच्या खिशात असतेच. पाय मोडल्यावर घरी बसून कंटाळा येतो, म्हणून ती वाढते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. तंबाखू घेणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात, न जुळण्याचा धोका वाढतो, आणि ऑपरेशनच्या जखमा चिघळण्याचाही. कॅल्शियमच्या गोळ्यांवर पैसे खर्च करताना खर्रा चालू ठेवणे म्हणजे औषध एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने फेकणे. ज्याचे हाड मोडले आहे त्याने निदान हाड जुळेपर्यंत तो सोडावा, आणि घरच्यांनी आणून देऊ नये. खाण्यात डाळ, अंडी, दूध, दही, तीळ, शेंगदाणे असावेत, प्रथिने कमी पडू देऊ नयेत. पायाचे सूप प्यायला हरकत नाही, मात्र त्यात जादू नाही. कांडवेलीला आपल्याकडे हाडजोडी म्हणतात. तिच्यावर प्रयोगशाळांत काम चालू आहे, पण तिच्या भरवशावर प्लास्टर टाळू नये.

प्लास्टरचे आठवडे कसे काढायचे, हे ज्याने काढले त्यालाच विचारावे. पहिल्या दिवसांत पाय छातीपेक्षा उंच ठेवणे हेच सर्वांत प्रभावी औषध. एक उशी पुरत नाही. दोन-तीन लागतात आणि गुडघ्याखालीही आधार हवा. बोटे दिवसभर हलवत राहायची. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात प्लास्टरखाली जी खाज सुटते तिचे वर्णन करता येत नाही. तरी आत पट्टी, सुई, पेन काहीही घालू नये. आतला छोटा ओरखडा बाहेरून कुणाला दिसत नाही. कूलर चालू ठेवावा, पण पाण्याचे तुषार प्लास्टरवर येणार नाहीत असा.

कुबड्या घेतल्या तर त्यांचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटे खाली राहायला हवा आणि भार हातांवर पडायला हवा. काखेवर लटकले की तिथल्या नसा दबतात आणि हाताला मुंग्या येतात. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. एकच काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. बहुतेक जण उलट धरतात. शौचालयाची सोय पहिल्या दिवशीच करावी. कमोड नसेल तर मधे छिद्र असलेली खुर्ची मिळते, ती भाड्यानेही मिळते. लाजेने लोक तहान मारतात, जेवण कमी करतात, आणि त्याने बरे होणे लांबते. आणखी एक धोका सगळ्यांना ठाऊक असावा. पोटरी अचानक दुखू-सुजू लागली किंवा धाप लागून छातीत दुखले, तर रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्यात क्षणाचाही उशीर नको.

घरातल्या बाईचा घोटा मोडतो तेव्हाची परिस्थिती वेगळी असते. पुरुषाला अंथरुणावर ताट येते. बाई चौथ्या-पाचव्या दिवशी स्टुलावर बसून पोळ्या लाटताना दिसते. डॉक्टरांनी भार देऊ नका म्हटलेले असते, आणि ओट्याशी उभे राहताना ती एका पायावर तोल सांभाळत असते. असे किती पाय पुन्हा घसरले याचा हिशेब कुठे ठेवला जात नाही. घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी त्या काळात स्वयंपाक हातात घेतला, तर हाडाला जो आराम मिळेल तो कोणत्याही गोळीने मिळणार नाही.

आणि मग प्लास्टर निघते. आतला पाय पाहून बहुतेकांना धक्का बसतो. कातडी कोरडी, खवलेदार, केस दाट, पोटरी निम्मी, घोटा कुठल्याच दिशेला न हलणारा. संध्याकाळी पाय फुगतो. ही सूज कित्येक महिने येत-जात राहते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. एका बाईंनी मला सांगितले की त्या प्लास्टर काढून आल्या तेव्हा शेजारणीने विचारले, "हाड जुडलं ना बाई, मंग चालत काहून नाही?" त्या रात्री त्या रडल्या. पाय दुखत होता म्हणून त्या रडल्या नव्हत्या. सगळ्यांना आपण ढोंग करतो असे वाटत असेल, या विचाराने रडल्या. हा अनुभव मी इतक्या वेगवेगळ्या तोंडांतून ऐकला आहे की तो सार्वत्रिक मानायला हरकत नाही.

हाड जुळले तरी तीन गोष्टी गेलेल्या असतात: हालचाल, ताकद आणि तोल. हालचालीसाठी दिवसातून अनेकदा पाऊल वर-खाली, आत-बाहेर न्यायचे. पायाच्या अंगठ्याने हवेत अ-आ-इ-ई गिरवायची. मुलांसमोर केले तर तीही बरोबर बसतात आणि व्यायाम चुकत नाही. टॉवेल तळव्याला अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचे. ताकदीसाठी ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही, मग एक. तोलासाठी भिंतीजवळ मोडलेल्या पायावर उभे राहायचे. हे सगळे डॉक्टरांनी भार द्यायला परवानगी दिल्यानंतर. तोलाकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. बंधांमध्ये जाणीव देणाऱ्या नसांची टोके असतात. जमीन कलती आहे हे मेंदूला तीच कळवतात, आणि दुखापतीत त्यांचेही नुकसान होते. ती जाणीव परत आली नाही तर घोटा पुन्हा पुन्हा वळतो. धुऱ्यावरून, पांदणीतून चालणाऱ्या माणसाला सपाट फरशीवर चालता येणे पुरेसे नाही.

आता माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. परदेशी पुस्तिकांमध्ये बरे होण्याचे लक्ष्य म्हणजे चालणे, गाडी चालवणे, धावणे. सपाट रस्त्यावर चालायला पाऊल साधारण १० अंश वर वळावे लागते. तेवढे आले की 'उत्तम' असा शेरा मिळतो. पण उकिडवे बसायला त्याच्या दुपटी-तिपटीने वळावे लागते. हिंगणा तालुक्यात निंदण करणारी बाई दिवसभर उकिडवी असते. शौचालय, चूल, धुणे, पंगत, पूजा, प्रत्येक ठिकाणी घोट्याला तो पूर्ण वाक हवा असतो. १० अंशांवर थांबलेला घोटा शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाला पुरेल. शेतमजूर बाईची मजुरी तो बुडवतो. म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे: मला उकिडवे बसायचे आहे, मला मांडी घालायची आहे. मग व्यायाम त्या दिशेने आखता येतो. काही घोटे तिथवर पोचतही नाहीत, विशेषतः सांध्याचा पृष्ठभाग मोडलेला असेल तर. ते लवकर कळले तर कामाची पद्धत बदलता येते.

किती लवकर भार द्यायचा, याबद्दल गेल्या काही वर्षांत विचार बराच बदलला आहे. पूर्वी ऑपरेशननंतरही सहा आठवडे पाय टेकू देत नसत. ब्रिटनमध्ये ४८० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत, दोन आठवड्यांनी भार द्यायला सुरुवात केलेल्यांचा पाय सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा वाईट नव्हता. फिनलंडमधल्या २०१९ च्या चाचणीत, ऑपरेशन न लागणाऱ्या स्थिर मोडीला तीन आठवड्यांचे प्लास्टर सहा आठवड्यांइतकेच पुरेसे ठरले. याचा अर्थ वाचकाने स्वतःच प्लास्टर कापावे असा नाही. प्रत्येक मोड वेगळी असते. पण 'मी भार कधी देऊ शकतो?' हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. ओपीडीत रांग मोठी असते, डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, म्हणून प्रश्न घरून लिहून न्यावेत. घातलेली पट्टी आणि स्क्रू काढायचे का, हाही त्यातला एक प्रश्न. त्रास देत नसतील तर बहुतेकदा ते आत राहू शकतात. गाडी पुन्हा कधी चालवायची, हाही एक प्रश्न. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागतो, गिअर डाव्या पायाने. न्यूयॉर्कमधल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उजव्या घोट्याच्या ऑपरेशननंतर कारचा ब्रेक दाबण्याचा वेग पूर्ववत व्हायला नऊ आठवडे लागले होते. आपल्या रस्त्यांवर घाई करू नये.

पैशाचा प्रश्न उपचारापासून वेगळा काढता येत नाही. एमआयडीसीतल्या ज्या कामगारांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे ते राज्य कामगार विम्यात येतात, ठेकेदारामार्फत लागलेलेही. कामावर झालेल्या इजेमुळे काम करता येत नसेल, तर त्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. इजा कामाशी संबंधित नसेल तर आजारपणाचा लाभ ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही कामावरची इजा म्हणून धरता येतो. त्यासाठी अपघाताची वेळ, ठिकाण आणि कामाचा संबंध दाखवावा लागतो. रात्रपाळीवरून येताना पडलेल्या कामगाराने हे लक्षात ठेवून अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी आणि कागद सांभाळावेत.

शेतकऱ्याच्या वाट्याला यातले काही येत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यू किंवा हात, पाय, डोळा कायमचा गमावल्यास मदत आहे. मोडून जुळणाऱ्या पायाला नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होऊ शकते, पण त्यानंतरच्या महिन्यांची मजुरी कुणी देत नाही. म्हणून शेतमजूर सहाव्या-सातव्या आठवड्यात वावरात उतरतो आणि अर्धवट बरा झालेला घोटा जन्मभर लंगडत वागवतो. शस्त्रक्रियेवर सरकार जेवढे खर्च करते, त्याचा छोटा हिस्सा जरी नंतरच्या व्यायामावर आणि बुडालेल्या मजुरीवर खर्च झाला तरी कितीतरी पाय वाचतील, असे माझे ठाम मत आहे.

हिंगण्याच्या लोकांना एक सोय आहे. डिगडोह टेकड्यांवर लता मंगेशकर रुग्णालयाच्या परिसरातच फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, आणि नागपुरात जायचे तर २०२० पासून लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रो धावते. स्टेशनवर लिफ्ट असल्याने कुबड्या घेऊनही चढता येते. तरी प्लास्टर काढलेले किती तरी लोक व्यायामाला जातच नाहीत, कारण जायचे असते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. तुमच्या ओळखीत कुणाचा घोटा मोडला असेल, तर प्लास्टर निघायच्या आधीच त्याला फिजिओथेरपीची तारीख घ्यायला लावा. तुमचा स्वतःचा मोडून बरा झाला असेल, तर पहिल्या महिन्यात किती सूज होती, चालताना किती भीती वाटत होती, उकिडवे बसायला किती महिने लागले, हे त्याला खरे खरे सांगा. आणि प्लास्टर निघाल्यानंतरच्या आठवड्यांतही त्याच्याकडे जा, तेव्हाच त्याला सोबतीची जास्त गरज असते.